फार दुखत असेल तर कळ दाबा

८ जानेवारी

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर झालं तेवढं पुरे झालं. मी म्हणाले, "आता बरं आहे," आणि तुम्हाला ऐकू आलं, "आत्ता मरण आहे." तुम्ही फोन ठेवून रडत बसलात आणि इकडे तुमचे बंधुराज साधी सर्दी झालेली असताना स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून हबकले. तेव्हा यापुढे आपलं पत्रच बरं.

आता माझी बातमी. आमच्या आरोग्य केंद्रात नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण घटकाभर खुर्चीत टिकतील तर शपथ. आल्या आल्या आम्हा सगळ्यांना उभं करून त्यांनी विचारलं, "या वस्तीत चार-चार भाषा बोलणारे लोक राहतात. म्हातारे आहेत, बहिरे आहेत, अधू पायाचे आहेत. मग आपल्याकडे रोज तीच तीच माणसं कशी दिसतात? बाकीचे आजारी पडत नाहीत का?" मला काही राहवलं नाही. मी म्हणाले, "पडतात हो. दारापर्यंत येतात, आत डोकावतात आणि घरी जातात. मी खिडकीतून बघते ना!"

झालं! काम माझ्याच गळ्यात पडलं. आता मी नुसती नोंदणीच्या खिडकीत बसणारी बाई नाही. "सर्वांना सोयीचं केंद्र" या कामाची मी प्रमुख आहे. प्रमुखाच्या हाताखाली कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

दाराच्या पायरीला उतार करून घेतलाय. प्रत्येक बाकाशेजारी भिंतीवर एकेक घंटी बसवतेय. कुणाला भाषा समजत नाही, कुणाला उठवत नाही, त्याने ती दाबायची की मी हजर. त्याच्या पाट्या मी स्वतः लिहिणार आहे.

तुमची तब्येत कशी आहे? खरं लिहा.

तुमची,
वहिनी

१९ जानेवारी

अगं वहिनी,

अनेक आशीर्वाद. प्रमुख झालीस, अभिनंदन. आता माझ्या भावाला दोन वेळचं जेवण मिळतंय ना तेवढं बघ.

मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे. शाळेच्या गणवेशांचं काम जोरात आहे. शिलाईचं मशीन तेवढं माडीवरून खाली आणून घेतलं. वर उजेड कमी पडतो.

शेजारीण लेकाकडे कायमची राहायला गेली. इतकी वर्षं भिंतीपलीकडून भांडलो, आता दिवस सुनासुना जातो. कुणाशी भांडू? मशीनशी?

आमच्या इथलं आरोग्य केंद्र फार छान आहे म्हणतात. मला जायची वेळच येत नाही. तुला एक सुचवते. बाक खिडकीकडे तोंड करून ठेव. आमच्याकडे बाकांची पाठ खिडकीकडे आहे, त्यामुळे हाक कुणाला मारली ते समजत नाही आणि नंबर निघून जातो. काचेला भोक असतं, तेही फार खाली असतं, त्यात तोंड घालून आपलं दुखणं ओरडून सांगावं लागतं, मागे सगळा गाव उभा असतो. असं आपलं ऐकलंय.

तुझी,
वन्सं

३ फेब्रुवारी

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. बाक फिरवले. आता सगळे पेशंट माझ्याकडे टक लावून बघत बसतात आणि मला डबा खायची चोरी झालीय.

पण माझं मन खट्टू आहे. घंट्या बसवून इतके दिवस झाले, एकदाही वाजलेली नाही. आधी वाटलं बिघडल्या असतील. मी स्वतः प्रत्येक बाकावर बसून वाजवून बघितली. सगळ्या खणखणीत! फक्त रंगाऱ्याने भिंतीला रंग देताना त्यांनाही भिंतीचाच रंग फासलाय, पण शेजारी पाटी असताना कुणाला दिसणार नाही?

आणि पाटी म्हणजे अशी झालीय वन्सं, की तुम्ही बघायला हवी होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लोकांच्या स्वतःच्या भाषेत लिहा. म्हणून मी 'बटण' हा परका शब्द सुद्धा टाळला. ठळक अक्षरांत लिहिलं आहे:

फार दुखत असेल तर कळ दाबा. लाजू नका.

मी एवढ्यावर थांबले नाही. वस्तीतल्या बाकीच्या भाषांमध्येही तेच लिहून घेतलं. बेकरीवाल्याने त्याच्या भाषेत लिहिलं, केस कापणारीने तिच्या, जुने टायर विकणाऱ्याने त्याच्या. तिघांनी माझी पाटी वाचली, एकमेकांकडे बघितलं आणि निमूट लिहून दिलं. केस कापणारी जाताना म्हणाली, "ताई, तुमचे लोक फार सोशिक." मला तेव्हा बरंच वाटलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गरज नसेल तर घंट्या काढून टाकू, विजेचं सामान दुसरीकडे वापरू. मला वाटतं इथली माणसंच मुळात काटक असावीत. काल एक आजोबा दोन्ही हातांनी पोट आवळून तासभर बसले होते. शेजारीच घंटी, शेजारीच पाटी. मी खिडकीतून पाटीकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली आणि आणखी जोरात आवळलं. आता बोला!

तुमची,
वहिनी

१४ फेब्रुवारी

अगं शहाणे,

आशीर्वाद राहू देत बाजूला. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की गणवेशाला बाही उलटी लागली.

तुझी पाटी मोठ्याने वाचून बघ. फार दुखत असेल तर कळ दाबा. अगं, म्हणजे दुखणं आतल्या आत दाबा! त्यावर आणखी 'लाजू नका'! त्या बिचाऱ्या आजोबांना तू बोटाने पाटी दाखवलीस, त्यांना वाटलं ही बाई सांगतेय, अजून दाबा. त्यांनी दाबलं. विजेच्या कळेला कळ म्हणणारी माणसं आता उरली तरी आहेत का? बटण म्हण की सरळ. माझं सगळं आयुष्य बटणं लावण्यात गेलं, त्या शब्दात परकं काय आहे?

त्या तिघांनी काय लिहिलंय तेही जरा वाचून घे कुणाकडून तरी.

आता एक गंभीर सांगते. लोकांना सांगायची इच्छा असते गं, सांगायची सोय नसते. आमच्या शेजारणीचंच बघ. जिना चढली की तिच्या छातीतून डाव्या हातात कळ जाते. थांबली की थांबते. गेली बिचारी केंद्रात. कानाने कमी ऐकते. काचेमागच्या मुलीने विचारलं, "लघवी साफ होते का?" हिला ऐकू आलं, "लग्न झालंय का?" ही म्हणाली, "झालं होतं, पण आता फार वर्षं झाली, बंद आहे." सगळं केंद्र खो खो हसलं. ही बाकावर जाऊन बसली. पुढे नाव कधी पुकारलं ते हिला समजलंच नाही. संध्याकाळी केंद्र बंद व्हायला आलं तेव्हा घरी आली. पुन्हा म्हणून गेली नाही.

तेव्हा पाटी आधी उतरव.

तुझी,
वन्सं

२ मार्च

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. तोंड दाखवायला जागा नाही.

आमच्या एका परिचारिकेला दोन भाषा येतात, तिसरीसाठी तिने तिच्या दिराला आणलं. बेकरीवाल्याने लिहिलंय, "दुखणं आलं की दाबून टाका." केस कापणारीने लिहिलंय, "वेदना होत असतील तर सोसा, त्यात लाज नाही." टायरवाला सगळ्यांच्या पुढे गेला. त्याची पाटी म्हणते, "फार दुखत असेल तर गप्प बसा." म्हणजे वन्सं, सर्वांना सोयीचं केंद्र करायला निघालेल्या मी चार भाषांमध्ये लोकांना गप्प केलं! त्या तिघांना विचारलं, असं कसं लिहिलंत? बेकरीवाला म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलं इथली हीच पद्धत आहे. आजवर इथे असंच वागवलंय ना."

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग स्वतःच स्टुलावर चढल्या. पाट्या उतरल्या. घंट्यांना लाल रंग दिला, वर हाताचं चित्र काढलं. त्या दिवशी पहिली घंटी वाजली तेव्हा मी इतकी दचकले की चहा सांडला. ते पोट आवळणारे आजोबाच होते. अपेंडिक्स नव्हतं, देवाची कृपा.

आता तुमच्या शेजारणीचं. वन्सं, ती शेजारीण जानेवारीतच लेकाकडे कायमची गेली, असं तुम्हीच लिहिलं होतंत. मग फेब्रुवारीत जिना कोण चढतंय? आणि माडीवर उजेड कमी? तुमची माडी पूर्वेची आहे, तिथे डोळे दिपतात. कळ तुम्हाला येते. मी डॉक्टर नाही, पण छातीतून डाव्या हातात जाणारी कळ म्हणजे काय हे खिडकीत बसून मलाही कळायला लागलंय. हात जोडते. उद्याच्या उद्या दवाखाना गाठा. मी ह्यांना सांगू का?

तुमची,
वहिनी

९ मार्च

वहिनी,

मला काही झालेलं नाही. शेजारीण दोन दिवसांसाठी परत आली होती, तेव्हा तिला कळ आली होती. भावाला एक अक्षर सांगशील तर माझ्याशी गाठ आहे. वहिनींनी नणंदांच्या छातीची चौकशी करायची नसते.

मशीनचा पट्टा तुटलाय. कामात आहे. पुन्हा या विषयावर लिहू नकोस.

वन्सं

२१ मार्च

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. तो विषय संपला. शेजारणीला बरं वाटो.

दुसऱ्याच एका कामासाठी लिहितेय, आणि नाही म्हणू नका. डॉक्टरीणबाईंना आमच्या नव्या सोयी तपासून बघायच्या आहेत. त्यासाठी एक नाटकातली पेशंट हवी आहे. म्हणजे खरी आजारी नको, ठणठणीत हवी, पण तिने आजारी असल्याचं सोंग घेऊन दारापासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत यायचं आणि आम्ही कुठे चुकतो ते सांगायचं. ओळखीची बाई चालत नाही, सगळे लाडाने वागवतात. बाहेरगावची हवी. ऐकायला कमी येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण हाक मारण्याची नवी रीत तपासायची आहे. तोंडाने फटकळ असणंही जरुरीचं आहे.

मी कुणाचंही नाव सुचवलं नाही. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "पाटीतली चूक पकडली त्या बाई येतील का?"

गाडीचं तिकीट सोबत जोडलंय. स्टेशनवर हे येतील, त्यांना फक्त नाटकाचंच सांगितलंय.

तुमची,
वहिनी

२८ मार्च

वहिनी,

आशीर्वाद. येते. मशीन तसंही बंद आहे.

पण माझ्या अटी आहेत. एक तर मी ताप-खोकल्याचं सोंग घेणार नाही, ते कुणीही करतं. जरा वजनदार दुखणं हवं. छातीत कळ येते, असं सांगेन म्हणते. शेजारणीची बघितली आहे, त्यामुळे मला ती हुबेहूब जमेल. दुसरं, माझं खरं वय सांगणार नाही. तिसरं, तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मध्येच हसायचं नाही.

आणि काम झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या तर चालतील.

तुझी,
वन्सं

१७ मे

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. तुम्ही घरी सुखरूप पोचलात, जिना सावकाश चढताय, गोळ्या वेळेवर घेताय आणि कानातलं यंत्र दिवसभर लावताय, हे ह्यांना आलेल्या तुमच्या पत्रावरून समजलं. यंत्राने मशीनचा आवाज केवढा मोठा येतो म्हणून तुम्ही त्याला शिव्या दिल्यात, त्यावरून तब्येत सुधारतेय हे नक्की.

आता जे तोंडाने बोलायचं धाडस झालं नाही ते लिहिते. नाटक तुमचं नव्हतं, आमचं होतं. सोयी तपासायला पेशंट वगैरे काही नको होती. तुमचं 'गाठ आहे' वालं पत्र घेऊन मी डॉक्टरीणबाईंसमोर रडले आणि आम्ही दोघींनी मिळून हा बेत केला. मी तुम्हाला फसवलं.

त्या दिवशी मी खिडकीतून उठून तुमच्याजवळ आले, खांद्याला हात लावला, समोर उभं राहून सावकाश म्हणाले, "आता तुमची पाळी." तुम्ही मला डोळा मारलात. छातीला पट्ट्या लावून हृदयाचा आलेख काढायला झोपवलं, तेव्हा पुन्हा डोळा मारलात. डॉक्टरीणबाई तो कागद बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि तुम्ही मात्र मला खुणेने विचारत होतात, कसं जमतंय? वन्सं, मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मोठ्या रुग्णालयात हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." तुमचे बंधुराज जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. त्यांनी मला सांगू नकोस म्हटलंय, पण तुमच्यापासून लपवण्याचा मला कंटाळा आलाय.

रागवा. बोला. पण रागावल्यावर गोळी घ्यायला विसरू नका.

तुमची,
वहिनी

३० मे

माझी वहिनी,

अनेक आशीर्वाद.

तू स्वतःला फार हुशार समजतेस. नाटकातली पेशंट हवी, बाहेरगावची हवी, बहिरी हवी, फटकळ हवी! एवढं वर्णन केल्यावर नाव लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतंस. पत्र वाचलं तेव्हाच मला सगळं समजलं. तो विषय संपला म्हणे. तुझा कुठला विषय आजवर संपलाय?

तरी आले. का ते सांगते. शेजारीण म्हणजे मीच, हे तू ओळखलंसच. ते लग्नाचं उत्तरही माझंच. मला छातीतल्या कळेची भीती होती, पण पुन्हा त्या काचेसमोर उभं राहायची त्याहून जास्त होती. रात्र रात्र वाटायचं, जाऊन सांगावं. सकाळी वाटायचं, पुन्हा लोक हसतील. पण सोंग घेतलेल्या बाईला कसली आलीय लाज? तिला कुणी हसलं तर ते नाटकाला हसतात. म्हणून मी तिला पुढे केलं आणि तिच्या तोंडून माझं खरं दुखणं सांगितलं. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं, तोंड माझ्याकडे ठेवून, घाई न करता. शेवटी त्यांनी विचारलं, "भीती वाटते का?" हे मी ठरवून आलेल्या संवादात नव्हतं. मी "हो" म्हणाले. तो 'हो' मात्र माझा होता. डोळा मारत होते ते तू रडायला लागू नयेस म्हणून.

आता पुढचं ऐक. काल आमच्या इथल्या केंद्रात गेले, गोळ्या आणायला. एकटी, कसलंही सोंग न घेता. काचेपाशी गेले आणि त्या भोकातून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला नीट ऐकू येत नाही. यंत्र लावलंय, पण गर्दीत त्याचा उपयोग होत नाही. माझं नाव पुकारू नकोस, बाहेर येऊन मला सांग." वाटलं, आता हसतील.

मुलगी माझ्याकडे बघेचना, माझ्या मागे बघत होती. मी वळले, तर बाकावरच्या चार-पाच माणसांनी हात वर केले होते. मलाही, मलाही. त्यांत तो जाड मिशीवाला कुलूप दुरुस्त करणारा होता, जो त्या दिवशी माझ्यावर सगळ्यांत जास्त हसला होता. मला राग आला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तेव्हा हसायला बरं सुचलं होतं?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही काय बोललात ते मला आजपर्यंत माहीत नाही. सगळे हसत होते, म्हणून मीही हसलो. नाहीतर लोकांना कळलं असतं ना, मला ऐकू येत नाही ते."

मी त्याच्या शेजारी बसले आणि मी काय बोलले होते ते त्याला सगळं सांगितलं, हळूहळू, समोर तोंड करून. मग मात्र तो खरा हसला, आणि मीही.

तुझी,
वन्सं